थंडीच्या सकाळचे डीझेल एंजिन

छत्तीसगडमधील भिलाईचे नाव घेतले की झोतभट्ट्या, वितळलेले लोखंड आणि लालभडक तापलेले रेल्वेचे रूळ डोळ्यांपुढे येतात. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून उष्णता निर्माण करणे, ती साठविणे आणि वाया जाऊ न देणे हाच या गावाचा मुख्य व्यवसाय झाला आहे. अशा गावात एखादे यंत्र लवकर तापत नाही अशी तक्रार ऐकू यावी, हे काहीसे नवलाचे वाटेल. पण डिसेंबर-जानेवारीत ती हमखास ऐकू येते, आणि ती असते डीझेलवर चालणाऱ्या मोटारगाड्यांविषयी.

तेथील थंडी काही हिमालयातली नव्हे. या दिवसांत पहाटेचे तापमान सामान्यतः १२-१३ अंश सेल्सियस असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे ते दहाच्या खाली उतरते. नागपूरच्या वाचकास हे आकडे घरचेच वाटतील आणि निफाडच्या वाचकास तर किरकोळ. तरीही एवढ्याशा थंडीत पुढील दृश्य दिसते. वसाहतीतील एखाद्या सेक्टरात गृहस्थ सकाळी गाडी चालू करतात आणि ती 'गरम होऊ द्यावी' म्हणून दारात तशीच चालू ठेवून चहा घ्यायला घरात जातात. वीस मिनिटांनी बाहेर येऊन पाहतात तो तापमानदर्शक काटा जेमतेम हललेला असतो. सायलेन्सरमधून निघालेला पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर अंगणभर साचून राहिलेला असतो. मग ते गाडी चार-पाच किलोमीटरवरील कारखान्याच्या फाटकाशी नेऊन उभी करतात. परत निघण्याच्या वेळेपर्यंत एंजिन पुन्हा गार झालेले असते. महिना-दोन महिने असे चालले म्हणजे गाडी कारागिराकडे जाते आणि तेथून खर्चाला तोंड फुटते.

या गाडीला खरोखर काही रोग झालेला असतो काय? बहुधा नाही. सावकाश तापणे हा डीझेल एंजिनाचा दोष नसून त्याच्या काटकसरी स्वभावाची दुसरी बाजू आहे. मात्र या स्वभावाकडे दुर्लक्ष करून आपण जे उपाय योजतो त्यांतून खरे रोग उद्भवतात. म्हणून आधी स्वभाव पाहू आणि नंतर रोगाकडे वळू.

पेट्रोलच्या एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवितात. डीझेल एंजिनात ठिणगीची सोय नसते. तेथे दट्ट्या सिलिंडरातील नुसती हवा तिच्या मूळ आकारमानाच्या पंधराव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड हाताला गरम लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. तीच गोष्ट येथे फार मोठ्या प्रमाणावर घडते. दाबून तापलेल्या या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने ही कल्पना १८९३ साली ग्रंथरूपाने मांडली आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे चालत्या यंत्राच्या रूपाने सिद्ध करून दाखविली. त्या यंत्राने इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या एंजिनांना याच्या निम्मे साधणेही कठीण जात असे.

या रीतीने पेटणाऱ्या एंजिनाला बाहेरच्या हवेच्या तापमानाची मोठी पर्वा करावी लागते. समजा, हवा मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. भिलाईच्या मे महिन्यातील ४० अंशांची हवा घेतली तर चालत्या एंजिनात तिचे तापमान स्थूलमानाने ६२० अंशांवर जाते. जानेवारीतील १० अंशांची हवा मात्र ५३५ अंशांपर्यंतच पोचते. बाहेर तीस अंशांचा असणारा फरक आत पंच्याऐंशी अंशांचा होतो, कारण दाबण्याच्या क्रियेत तापमान अमुक अंशांनी वाढत नाही, ते अमुक पटींनी वाढते. शिवाय हा हिशोब चालत्या एंजिनाचा झाला. रात्रभर गार पडलेले एंजिन स्टार्टर जेव्हा सावकाश फिरवू लागतो, तेव्हा दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडराच्या थंड भिंती शोषून घेतात आणि काही हवा दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून निसटते. अशा वेळी आतील तापमान तीनशे ते साडेतीनशे अंशांच्या आसपास रेंगाळते. मग फवाऱ्यातील काही थेंब उशिरा पेटतात व काही पेटतच नाहीत. न पेटलेल्या थेंबांची वाफ सायलेन्सरवाटे बाहेर पडून तिचे पुन्हा सूक्ष्म थेंब होतात. अंगणात साचलेला पांढुरका धूर तो हाच.

गरम हवेचे हे महत्त्व भिलाईच्या कारखान्यात काम करणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. झोतभट्टीत थंड हवा सोडण्याऐवजी ती आधी तापवून सोडली तर कोळसा कितीतरी कमी लागतो, हे स्कॉटलंडमधील जेम्स नील्सन याने १८२८ साली दाखवून दिले. आज भट्टीशेजारी उभ्या असलेल्या उंच तापकांत हवा हजार अंशांच्या आसपास तापवून मग भट्टीत फुंकतात. एकदा पेटलेली झोतभट्टी वर्षानुवर्षे विझू देत नाहीत, कारण थंड भट्टी पुन्हा चालू करणे हे सर्वांत जिकिरीचे काम असते. मोटारगाडीच्या वाट्याला मात्र हे जिकिरीचे काम रोज सकाळी येते, आणि भिलाईच्या गृहस्थांच्या बाबतीत रोज सायंकाळीही.

हवा तापविण्यास हातभार म्हणून मोटारगाडीच्या डीझेल एंजिनात विजेने लाल होणाऱ्या लहान कांड्या बसविलेल्या असतात. त्यांना ग्लो प्लग असे नाव आहे; आपले चालक नुसते 'हीटर' म्हणतात. जुन्या गाड्यांत किल्ली अर्धी फिरवून हे हीटर तापेपर्यंत अर्धे-पाऊण मिनिट वाट पाहावी लागे. १९३६ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने २६० डी ही डीझेल मोटारगाडी बाजारात आणली. तिच्या वंशातील गाड्यांचे जर्मन चालक या थांबण्याला थट्टेने 'रुडॉल्फ डीझेल स्मृतिमिनिट' म्हणत. खुद्द डीझेल १९१३ साली आगबोटीच्या प्रवासात नाहीसा झाला होता, त्यामुळे या थट्टेला एक दुःखाची किनारही होती. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अँबॅसडर गाडीत डीझेल एंजिन आले आणि १९९८ साली पुण्यात घडविलेल्या इंडिका गाडीने ते मध्यमवर्गाच्या दारात नेऊन उभे केले. आजच्या एंजिनांतील हीटर काही सेकंदांतच तापतात. त्यामुळे गाडी सुरू होण्याची अडचण बरीचशी मिटली. सुरू झाल्यावर तापण्याची अडचण मात्र राहिली, किंबहुना वाढली.

ती का वाढली हे समजण्यासाठी इंधनातील उष्णतेची वाटणी पाहावी लागेल. स्थूलमानाने असे म्हणता येईल की इंधनाच्या उष्णतेचा एक हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो, एक हिस्सा धुराबरोबर निघून जातो आणि एक हिस्सा एंजिनाच्या धातूत, पाण्यात व तेलात उतरतो. एंजिन तापते ते या शेवटच्या हिश्शावर. डीझेल एंजिन पहिल्या हिश्शात पेट्रोलच्या एंजिनाहून सरस असते, अर्थात त्याला तेच काम करण्यास इंधन कमी लागते. इंधनच कमी जळाले म्हणजे वाया जाणारी उष्णताही कमी, आणि आपल्याला तर या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच एंजिन तापवून घ्यायचे असते. एंजिन जितके सुधारत गेले तितकी ही शिल्लक घटत गेली. थंड देशांत विकल्या जाणाऱ्या डीझेल गाड्यांत प्रवाशांना ऊब मिळावी म्हणून विजेचा वेगळा तापक बसवावा लागतो, यावरून ती किती घटली आहे याची कल्पना येईल.

दुसरे कारण हवेचे आहे. पेट्रोलचे एंजिन जागच्या जागी मंद फिरत असते तेव्हा त्याच्या हवेच्या वाटेवरील झडप जवळजवळ बंद असते. ते थोडे इंधन घेते आणि त्याच्या मानाने थोडीच हवा घेते. डीझेल एंजिनाचा वेग मात्र केवळ इंधन कमी-जास्त करून आवरला जातो. हवा ते प्रत्येक वेळी सिलिंडरभर घेते. दोन लिटर आकारमानाचे एंजिन मिनिटाला आठशे फेरे या मंद गतीने फिरत असले तरी सातशे-आठशे लिटर हवा दर मिनिटाला त्याच्यातून जाते. वजनाने पाहिले तर अशा वेळी हवा इंधनाच्या पन्नास ते शंभर पट असते. चुलीत चार काटक्या जाळाव्या आणि फुंकणीने गार हवा एकसारखी फुंकत राहावी, तसा हा प्रकार आहे. आत निर्माण झालेल्या थोड्याशा उष्णतेपैकी बरीचशी ही हवाच बाहेर घेऊन जाते.

आता थोडा हिशोब करू. एंजिनाचे लोखंड १५० किलोग्रॅम, त्यातील पाणी ८ किलोग्रॅम आणि तेल ५ किलोग्रॅम धरले, तर हे सर्व एका अंशाने तापविण्यास सुमारे २७ किलोकॅलरी उष्णता लागते. दहा अंशांवरून ऐंशी अंशांवर न्यायचे म्हणजे सुमारे १,९०० किलोकॅलरी झाल्या. एक लिटर डीझेलात सुमारे ८,६०० किलोकॅलरी असतात, म्हणजे पाव लिटर डीझेलातही गरजेपेक्षा अधिक उष्णता असते. मग उशीर का लागतो? जागच्या जागी चालू असलेले एंजिन तासाला सुमारे ०·६ लिटर डीझेल जाळते, म्हणजे मिनिटाला ८६ किलोकॅलरी. त्यांतील चाळीस टक्के धातूत, पाण्यात व तेलात उतरल्या असे उदारपणे मानले तरी ऐंशी अंश गाठण्यास पंचावन्न मिनिटे लागतील. शिवाय एंजिनाच्या अंगावरून वाहणारा वारा आपला वाटा घेत राहतोच, तो यात धरलेला नाही. हीच गाडी रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने चालली तर तासाला तीन लिटर डीझेल लागते. मिनिटाला ४३० किलोकॅलरी निर्माण होतात आणि त्यांतील केवळ तीस टक्के जरी एंजिनात उतरल्या तरी पंधरा मिनिटांत काम होते. प्रत्येक गाडीचे आकडे निराळे असतील. पण दोन्हींतील अंतर कोणत्याही गाडीत थोडेफार असेच पडते.

या हिशोबातून दोन गोष्टी निघतात. दारात गाडी चालू ठेवून ती तापविणे हा सर्वांत सावकाश, सर्वांत महाग आणि सर्वांत धुरकट मार्ग आहे, ही एक. दुसरी भिलाईच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. वसाहतीपासून फाटकापर्यंतचे चार-पाच किलोमीटर सात-आठ मिनिटांत संपतात, म्हणजे पंधरा मिनिटांची गरज असलेले एंजिन निम्म्या वाटेवरच बंद केले जाते. अशा गाडीचे एंजिन संपूर्ण हिवाळ्यात एकदाही पुरते तापत नसेल, रविवारी रायपूरला जाणे झाले तरच काय ते. नियोजनपूर्वक वसविलेल्या गावाचा हा एक अनपेक्षित परिणाम म्हणावा लागेल: कामगाराचे घर कामाच्या इतके जवळ ठेवले की त्याच्या गाडीला तापायला रस्ताच उरला नाही. सायकलवरून कामावर जाणाऱ्यांच्या पिढीसाठी आखलेले हे अंतर होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

एंजिन थंड राहिले तर बिघडते काय? पहिला परिणाम तेलाचा. दहा अंशांवर एंजिनाचे वंगण तेल शंभर अंशांवरील तेलाच्या चाळीस-पन्नास पट घट्ट असते. ते वरच्या भागापर्यंत उशिरा पोचते, आणि त्याला ढवळण्यातच एंजिनाची बरीच शक्ती खर्च होते. दुसरा परिणाम आम्लाचा आहे आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंधनात गंधक असेल तर त्यापासून निघणारे वायू या पाण्याशी मिळून गंधकाम्ल बनते. सिलिंडराच्या भिंती गरम असतील तर ही वाफ धुराबरोबर निघून जाते. त्या थंड असतील तर तेथे दव पडावे तसे आम्ल साचते आणि धातू खाऊ लागते. सिलिंडरांची झीज घर्षणापेक्षाही अशा गंजण्याने अधिक होते, आणि ती मुख्यतः एंजिन थंड असताना होते, असे ब्रिटनमधील अभियंत्यांना १९३० च्या दशकातच आढळून आले होते. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डीझेलात एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकानुसार ते दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे प्रमाण हजारपट घटले. आम्लाची भीती त्यामुळे पुष्कळच ओसरली. जुन्या चालकांची 'गाडी तापल्याशिवाय दामटू नये' ही शिकवण ज्या काळी तयार झाली, तो काळ मात्र एक टक्का गंधकाचा होता.

गंधक गेले तरी नव्या गाड्यांत थंडीने दुसरे घर शोधले आहे. भारत स्टेज सहाच्या डीझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती भरत आली की आत साचलेली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या जवळपास न्यावे लागते. गाडीतील नियंत्रक यंत्रणा थोडे जादा इंधन सोडून हे काम आपोआप करते, परंतु एंजिन पुरेसे तापलेले असेल आणि गाडी काही वेळ सलग चालणार असेल तरच. रोज सात मिनिटे चालणाऱ्या गाडीत ही संधी येतच नाही. काजळी जाळण्याचे काम सुरू होते आणि अर्ध्यावर किल्ली बंद केली जाते. त्यासाठी सोडलेले जादा इंधन सिलिंडराच्या भिंतींवरून उतरून वंगण तेलात मिसळते, तेल पातळ होते आणि काही दिवसांनी समोरच्या फलकावर दिवा लागतो. ही गाळणी बदलण्याचा खर्च ऐकून डीझेलवर वाचविलेल्या पैशांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. थोड्या अंतरासाठी डीझेल गाडी घेणे आता पूर्वीइतके किफायतशीर उरलेले नाही, असे माझे मत आहे. मारुती सुझुकी कंपनीने तर २०२० साली डीझेल मोटारगाड्यांचे उत्पादनच थांबविले.

धुराचा परिणाम घरातील माणसांवरही होतो. डीझेलचा धूर मनुष्यात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केला. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, आणि त्यामुळे सोडलेला धूर तेथेच घोटाळत राहतो. शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले त्याच वेळी त्याच अंगणात उभी असतात. बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून तापविणे हे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

आता खऱ्या रोगाकडे वळू. माझ्या पाहण्यातील एक डीझेल गाडी भिलाईच्या थंडीत रायपूरपर्यंत गेली तरी तापत नसे. काटा पन्नास-साठ अंशांच्या पलीकडे सरकत नव्हता. मालकाने आधी हीटर बदलले, नंतर नोझल तपासून घेतले, मग इंधनाचा पंप उघडला. प्रत्येक वेळी पैसे गेले आणि काटा होता तेथेच राहिला. शेवटी एका वयस्क कारागिराने पाण्याच्या वरच्या नळीला हात लावून पाहिला. गाडी चालू करून दोनच मिनिटे झाली होती आणि नळी कोमट लागत होती. त्याने नळी सोडवून झाकण उघडले, तो आत थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती.

थर्मोस्टॅट म्हणजे एंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील पाण्याच्या वाटेवरची एक लहान झडप. तिच्या पोटात मेण भरलेली एक पितळी कुपी असते. एंजिनातील पाणी ऐंशी अंशांच्या वर गेले की मेण वितळून फुगते, एक दांडी पुढे ढकलते आणि वाट उघडते. तोपर्यंत पाणी एंजिनातल्या एंजिनातच फिरत राहते आणि लवकर तापते. ही झडप काढून टाकली की थंड एंजिनातील पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये जाऊन निवू लागते. जे एंजिन मुळातच कष्टाने तापते, त्याची सगळी कमाई अशा रीतीने वाऱ्यावर उधळली जाते.

ती काढली कोणी? चौकशी करता असे समजले की दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी रस्त्यात उकळली होती. भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा ज्या कारागिराकडे गाडी नेली त्याने 'आपल्या हवेत याचे काम नाही' असे म्हणून झडप काढून टाकली होती. हा समज आपल्या देशात पुष्कळ पसरलेला आहे आणि तो सर्वथा निराधार आहे असेही नाही, कारण अडकून बंद राहिलेली झडप खरोखरच एंजिन उकळवते. परंतु तिच्यावर उपाय नवी झडप बसविणे हा आहे. तिची किंमत इतर सुट्या भागांच्या मानाने किरकोळ असते. शिवाय अनेक एंजिनांत ही झडप उघडताना पाण्याची आडवाट बंद करते. ती काढली म्हणजे आडवाट कायमची उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न शिवताच परत फिरते. अशा गाडीत हिवाळ्यात एंजिन तापत नाही आणि उन्हाळ्यात निवत नाही. सदर गाडीत नवी झडप बसविल्यावर त्याच रस्त्यावर काटा बारा-पंधरा मिनिटांत आपल्या जागी येऊ लागला. नोझल आणि पंप यांवर झालेला खर्च अर्थातच परत मिळाला नाही.

ज्या मेणाच्या फुगण्यावर ही झडप चालते, त्याच जातीचे मेण डीझेलातही विरघळलेले असते, आणि कडक थंडीत ते उलटे काम करते. तापमान पुरेसे उतरले की त्याचे स्फटिक बनून गाळणी तुंबते आणि इंधन एंजिनापर्यंत पोचतच नाही. लडाखमध्ये याच कारणाने हिवाळ्यात वाहने खोळंबत. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डीझेल पुरविण्यास आरंभ केला. डोंगराळ रस्त्यांवरील ट्रकचालक टाकीखाली चिंध्या पेटवीत, तो धोक्याचा प्रकारही या गोठण्यावरचाच तोडगा होता. भिलाईत किंवा महाराष्ट्रात कोठेही हा प्रश्न उद्भवत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीमधी हिमकण दिसतात, तेवढेच. म्हणून आपल्याकडे थंडीत गाडी तापत नसेल तर डीझेल गोठल्याचा संशय घेऊन त्यात रॉकेल मिसळण्याचे कारण नाही. रॉकेल डीझेलहून पातळ असते आणि इंधनाच्या पंपाला मिळणारे वंगण त्याने कमी होते.

मग सकाळी करावे काय? हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून गाडी सुरू करावी. तेलाचा दाब दाखविणारा दिवा विझला आणि आणखी अर्धे मिनिट गेले की निघावे. पहिले पाच-सहा किलोमीटर गाडी मध्यम वेगाने हाकावी. एंजिन ओढ खाईल इतक्या सावकाश नको, आणि गुरगुरेल इतक्या जोरात तर मुळीच नको, विशेषतः टर्बो असलेल्या गाडीत. गाडी निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. 'उन्हाळ्यात चालते म्हणून' जाड तेल बारा महिने ठेवले तर त्याची किंमत जानेवारीत मोजावी लागते. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न घालता नेमून दिलेले शीतक द्रव घातले तर आत गंज चढत नाही आणि थर्मोस्टॅटही अडकत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग प्रवास घडला तर उत्तमच. दुर्गला किंवा राजनांदगावला जायचे कोणते तरी काम भिलाईकरास निघतेच. आणि फाटकापर्यंतच्या चार किलोमीटरांसाठी सायकल अजूनही वाईट नाही.

जुने ट्रकचालक थंडीत रेडिएटरच्या जाळीपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा बांधतात. थर्मोस्टॅट धड असेल तर एंजिन तापविण्यासाठी याची फारशी गरज पडत नाही. पण जुन्या, गळक्या झडपेच्या गाडीत वारा अडल्यामुळे थोडा लाभ होतो. ते बांधताना पंख्यात अडकणार नाही आणि जाळी पूर्ण झाकली जाणार नाही याची काळजी घ्यावी. होळीच्या सुमारास ऊन तापू लागले की ते आठवणीने काढून ठेवावे, कारण त्यानंतर दोनच महिन्यांत या गावात एंजिन थंड कसे ठेवावे याची चौकशी सुरू होते.